चाकोरीच्या मापाची चार कडी

आमच्या ह्यांना विडीचं व्यसन नव्हतं, पत्त्यांचं नव्हतं. एकच खोड होती, आणि ती विडी-पत्त्यांपेक्षा वाईट. कोणतीही वस्तू दुकानातून आणायची म्हटली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. “घरी होते थे विकत काऊन आणायचं?” हे वाक्य लग्नानंतर मी इतक्या वेळा ऐकलं की त्यांनी तोंड उघडलं की मीच ते पुरं करायची. घरी बनवलेला आमचा कंदील धूर जास्त आणि उजेड कमी द्यायचा. घरी बनवलेल्या खाटेचा एक पाय आखूड होता. त्याच्याखाली मी वीट ठेवली, ती शेवटपर्यंत तिथंच राहिली. तरी शहाणपण आलं का? नाव काढू नका.

दुसऱ्या महायुद्धानंतर मिलिटरीच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा हे नागपूरला गेले आणि एक जीप घेऊन आले. गडचिरोली त्या वेळी चांदा जिल्ह्यातली एक तहसील होती. गावात मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या. जंगलाचे ठेकेदार, साहेब लोक, कधी एखादा आजारी माणूस, असं भाडं मारून ती जीप आमचं घर चालवायची. जीपला मी नावं ठेवत नाही. नावं ठेवायची ती वाटेला. गाव सुटलं की सडक कसली, बंड्यांची वाट. वर्षानुवर्षं बैलबंड्या जाऊन जमिनीत दोन खोल चऱ्या पडलेल्या, तीच चाकोरी. उन्हाळ्यात ती वाळून दगड व्हायची. आता आमच्याकडच्या बंडीचा आस लांब आणि जीपचा आखूड. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कमी. म्हणजे जीपचं एका अंगाचं चाक चाकोरीत उतरलं की दुसऱ्या अंगाचं मधल्या उंचवट्यावर चढायचं. झालं, गाडी तिरपी! बसणाऱ्याचा एक कुल्ला वर, एक खाली, आणि तसंच दहा-दहा कोस जायचं. ठेकेदार उतरले की कंबर धरून आमच्या ओसरीवर बसायचे आणि चहा मागायचे.

ठेकेदारांच्या कमरेचं मला काही पडलं नव्हतं. पण माझी धाकटी बहीण होती.

तिचा नवरा जंगलखात्यात नाकेदार. त्यामुळे सदा आडरानात बदली. पहिल्या खेपेला ती तिकडंच बाळंत झाली. ना डॉक्टर, ना शिकलेली दाई, आणि लेकरू रडलंच नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही ठरवलं, आता हिला गडचिरोलीला दवाखान्याजवळ आणायचं. धानोऱ्याच्या वाटेनं ह्यांनी तिला जीपमध्ये आणलं. सहावा महिना सरत आला होता. सारी वाट गाडी तिरपी. मी तिला मिठीत धरून बसले होते, पण धरून धरून किती धरणार? अर्ध्या वाटेत तिच्या पोटात कळ निघाली, आणि दवाखाना यायच्या आधीच सगळं संपलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धक्क्यानंच झालं असं काही सांगता येत नाही, कधी कधी असंही होतं. माझ्या बहिणीनं तर ब्र काढला नाही. पण माझं तोंड! घरी आल्यावर चुलीपुढं बसून मी ह्यांना म्हणाले, “माह्या बहिणीचं लेकरू तुमच्या वाकड्या गाडीनं खाल्लं.”

ते त्या रात्री जेवलेही नाहीत. सकाळी उठून वेळूची एक काठी घेतली, गावाबाहेर गेले आणि चाकोरीचं माप काठीवर खाच पाडून घेऊन आले. बोललेलं मला तेव्हाच परत घेता आलं असतं. नाही घेतलं. आधी रागानं घेतलं नाही, मग लाजेनं.

सहा महिन्यांनी बहिणीला पुन्हा दिवस गेले. तिच्या नवऱ्याची बदली आता एटापल्लीच्याही पलीकडे झाली होती. त्या बाजूला आम्ही कधी गेलेलो नव्हतो, हे आलापल्लीपर्यंत गेलेले तेवढेच. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं की सातव्यात आणा, धक्के बसू देऊ नका, आणि नाले भरायच्या आत आणा. तिकडचे नाले एकदा भरले की चार महिने माणूस निघत नाही. म्हणजे आमच्या हातात वैशाख आणि जेठाचे थोडे दिवस. हे लेकरू जगवायचं तर जीप सरळ चालली पाहिजे, एवढी साधी गोष्ट होती.

उपाय ह्यांना ठाऊक होता. चाक जिथं बसतं तिथं, चाकाच्या आतल्या बाजूला, एक जाड कडं घालायचं, म्हणजे चाक तेवढं बाहेर येतं. चारी चाकांना चार कडी घातली की गाडी रुंद होऊन बरोबर चाकोरीत बसेल. एका ठेकेदारानं सांगितलं, नागपूरला मोटारसामानाच्या दुकानात अशी कडी तयार मिळतात. मी म्हटलं, झालं, मागवा.

“घरी होते थे...”

“विकत काऊन आणायचं!” मी ओरडले. “अवो, पण लोखंडाचं काम आहे थे. तुमी का लोहार होय?”

“लोखंड कायले पाह्यजे? बंडीचा आस धावड्याच्या लाकडाचा चालते ना? वीस-वीस मण धान वाहते. मंग जीपले काऊन नाई चालणार?”

मी कपाळावर हात मारला. सुताराकडून त्यांनी धावड्याच्या चार जाड चकत्या कापून आणल्या. मग ओसरीवर बसून तासणं, घासणं, भोकं पाडणं. माझ्या घरात पंधरा दिवस भाकरीतही भुसा निघायचा. चकत्या बसल्या, दिसायलाही झकास दिसल्या. चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, चल, तुले गाडी सरळ कशी चालते दाखवतो.

चालली हो! गावाबाहेर चाकोरीत उतरली आणि चारी चाकं बरोबर खाली. मी पहिल्यांदा त्या जीपमध्ये ताठ बसले. पण वैशाखाचं ऊन, आणि लाकूड ते लाकूड. भर उन्हात ते आकसलं, नट सैल झाले. बाजार समोर दिसायला लागला तोच माझ्या बाजूचं पुढलं चाक सुटलं आणि आमच्या पुढे निघून गेलं. गाडी नाक टेकून बसली. चाक मात्र गडगडत थेट बाजारात शिरलं आणि सुक्या मासळीच्या टोपल्यांना अडून पडलं. मासळीवाल्या बाईनं चाकाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि ओरडली, “बाई, तुमी मांगं राह्यले, चाक बाजाराले पोचलं!”

साऱ्या बाजारानं दात काढले. ह्यांना हसू आलं, मला रडू. मी चिडून म्हटलं, “हसून काय राह्यले! ती गाडीत असती तं?” मग त्यांचंही हसणं थांबलं. चाक पाठीवर घेऊन ते गाडीपाशी परत आले.

त्याच आठवड्यात मी त्यांना न विचारता पत्र टाकलं. मी मराठी चौथी पास होते, अक्षर बरं होतं. नागपूरच्या त्या दुकानाला लिहिलं, जीपच्या चाकांची चार कडी ताबडतोब पाठवा. पार्सल छोट्या लाइनीच्या रेल्वेनं नागभीडला आलं आणि तिथून एका ट्रकवाल्यानं घरी आणून टाकलं. मी पेटी ओसरीवर ठेवली आणि ह्यांच्यासमोर फोडली. काय सुंदर वस्तू! गुळगुळीत, चकचकीत, भोकं एका ओळीत. मी म्हटलं, “पाहा, याले म्हणते काम.”

त्यांनी एक कडं उचललं, त्याच्या जाडीला बोटं लावली आणि माझ्याकडे बघितलं.

“दीड बोट,” म्हणाले. “आपल्याले चार पाह्यजे.”

मी पत्रात माप लिहिलंच नव्हतं. मला वाटलं, जीपचं कडं म्हणजे जीपचं कडं, त्यात माप काय लिहायचं? नागपूरच्या दुकानदाराला आमच्या बंडीचा आस कुठून ठाऊक? हे काही बोलले असते तर मी भांडून तरी घेतलं असतं. ते नुसते मिशीत हसत राहिले, त्यानं माझ्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. लाकडाची घरची कडी मोडून पडलेली, लोखंडाची विकतची अपुरी, वैशाख अर्धा सरलेला, आणि तिकडे बहिणीला सातवा लागायला आलेला.

शेवटी हे सगळं एका पोत्यात भरून आम्ही मिस्त्रीचाचांकडे गेलो. ते गावातले जुने मुसलमान कारागीर. बंदुकीच्या घोड्यापासून शिवणयंत्रापर्यंत काहीही दुरुस्त करायचे. चाचांनी विकतचं कडं हातात फिरवलं, ह्यांची वेळूची काठी बघितली, आणि म्हणाले, “दोघं बी कामाचे हाय. बाईचं कडं सांच्यासारखं वापरतो. याच्या भोकावर भोक ठेवून घरचा पत्रा पाडतो. जेवढं कमी हाय तेवढे थर जोडून देतो.”

एका बंद पडलेल्या धानगिरणीचा जाड पत्रा त्यांच्या अंगणात पडला होता. त्याच्या चकत्या कापून, एकावर एक ठेवून, विकतच्या कड्याला रिवेटनं जोडायच्या. दीड बोट माझं, अडीच बोटं ह्यांचं. मला पटलं. पण चाचा कडी करून थांबतील तर ना! एवढ्या जाड कड्यातून बाहेर यायला लांब बोल्ट लागत होते, आणि त्या बोल्टना ते टोकापासून पार मुळापर्यंत आटे पाडत बसले. हातानं. एकेक बोल्ट घासत, तेल सोडत. वीस बोल्ट होते. मी रोज जाऊन उभी राहायची.

“चाचा, नट तं टोकालेच बसते ना? मंग मुळाशी आटे कायले?”

“बाई, कडी काढायची वेळ आली तं? कड्याबिगर नट मुळाशी बसंन. तिथी आटे नसले तं चाक कसं आवळान?”

“कायले काढू आमी कडी? वर्ष झालं, थे बसवायसाठी जीव चाल्ला आमचा! अन् तुमी काढायचं बोलून राह्यले!”

चाचा हसले आणि घासत राहिले. चार दिवस वर गेले. मी घरी येऊन ह्यांच्यावर ओरडले, ह्यांनी उलट चाचांचीच बाजू घेतली. एक वेडा कमी होता म्हणून दुसरा जोडीला आला, असं मी तोंडावर म्हणाले. जेठ लागला होता आणि मला झोप नव्हती.

निघालो एकदाचे. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, गाडी अशी सरळ चालली की मी कौतुक करायला तोंड उघडलंच होतं. नाही केलं ते बरं झालं. आलापल्ली सोडून पुढे रानात शिरलो आणि जीप पुन्हा तिरपी! आधी वाटलं, लाकडासारखंच काही निखळलं. हे खाली उतरले. सगळे नट घट्ट होते. मग त्यांनी वेळूची काठी काढली आणि चाकोरीवर आडवी धरली. काठी दोन्हीकडून बाहेर उरली.

तेवढ्यात समोरून एक बंडी आली. बुटके बैल, बुटकी बंडी, आस आमच्या बंडीपेक्षा कितीतरी आखूड. त्या मुलखात सगळ्या तशाच. तिथल्या चाकोरीत बिनकड्याची जीप अगदी बरोबर बसली असती.

माझा बांध फुटला. “आख्खं वर्ष! आख्खं वर्ष तुमी लाकडं तासली, लोखंड कापलं, अन् माप घेतलं थे आपल्या दारासमोरचं! तुमाले वाटलं, दुनियेतल्या साऱ्या बंड्या आपल्याच गावच्या सुतारानं बनवल्या? कोणाले विचारलं नाई, पुसलं नाई! आता का करू मी? तिले का सांगू?” मी रस्त्यात बसून रडले. बंडीवाला बिचारा बैल थांबवून बघत राहिला. त्याला माझं बोलणं समजत नव्हतं, पण कोणावर चाललंय ते समजलं असावं. त्यानं ह्यांना वाळल्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा दिला.

हे पाणी प्याले, जॅक काढला, पाना काढला, आणि एक चाक उचलून कडं बाहेर काढलं. चाक परत लावलं आणि नट फिरवायला लागले. नट फिरत फिरत पार मुळाशी गेला आणि बसला. चाचांचे आटे. मी डोळे पुसले. चाचांना काय काय बोलले होते, ते सगळं आठवलं. चारी कडी काढून आम्ही पायाशी ठेवली आणि त्या अरुंद चाकोरीतून सरळ बहिणीच्या दारात जाऊन उभे राहिलो.

बहीण बाहेर आली. पोट चांगलं दिसत होतं. जीप बघितली आणि तिचा चेहरा पडला. माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाली, “बाई, यातच जाऊ का?” ह्यांनी ते ऐकलं. त्यांनी पाण्यानं भरलेला लोटा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “हा मांडीवर धर. गाडी कलंडली तं पाणी सांडंन. सांडलं का मले हाक मार, म्या गाडी उभी करतो. आपल्याले काई घाई नाई.”

बैलाच्या चालीनं निघालो. जिथं बंड्यांचा मुलूख बदलतो तिथं एका मोहाखाली बहिणीला बसवलं आणि कडी परत चढवायला घेतली. ऊन मी म्हणत होतं. लोखंड हातात धरवत नव्हतं. एक चाक झालं, दोन झाली. चौथं झाल्यावर हे पुन्हा पहिल्यापासून नट आवळायला लागले. वीसच्या वीस. मग तिसऱ्यांदा. मी म्हटलं, “आता पुरे करा! पिळून पिळून तोडान त्याले!” ते मान खाली घालून आवळतच राहिले आणि चाकाशीच बोलल्यासारखं म्हणाले, “एकडाव तू बोलली. दुसऱ्यांदा बोलायची पाळी नाई येऊ देणार म्या.”

वर्षभर त्यांनी ते वाक्य असं जपून ठेवलं होतं. मला तिथंच काहीतरी बोलायचं होतं. पण बहीण बघत होती. मी नुसताच पुढचा नट त्यांच्या पान्याखाली पदरानं पुसून दिला.

गडचिरोलीत शिरलो तेव्हा लोटा काठोकाठ होता. बहिणीनं दारात उतरून अर्धं पाणी स्वतः प्यायलं आणि अर्धं ह्यांना दिलं.

पुढचे दोन महिने ती आमच्याकडं होती. श्रावणातल्या एका दुपारी कळा सुरू झाल्या, तेव्हा गावातल्या गावात दवाखान्यात न्यायलाही ह्यांनी जीपच काढली. मी आत बहिणीजवळ. लेकरू बाहेर आलं, क्षणभर गप्प राहिलं, आणि मग असं रडलं की व्हरांड्यातली माणसं आत डोकावली. मुलगी होती. बहीण हसत होती, रडत होती. मी कापडात गुंडाळलेलं लेकरू तिच्याजवळ ठेवायला गेले तर म्हणाली, “बाई, पयले भाऊजीच्या हातात दे.”

बाहेर आले. हे अंगणात चिखलात उकिडवे बसून जीपच्या चाकाचे नट आवळत होते. आवळायला तिथं काही उरलं नव्हतं. मला बघून उठले. लेकराकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

“नोको,” म्हणाले. “हात काळे हायेत माहे.”

मी म्हटलं, “असू द्या. माह्याजवळ द्या तो पाना, अन् घ्या हिले. तुमच्याच गाडीनं आणली.”